गच्चीवरची टाकी वेळेत का भरत नाही: ठाण्यातल्या पोखरण रोडवरच्या सोसायटीतल्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

कमिटीच्या बैठकीत आज नव्या पंपाचं कोटेशन समोर आलं. आताचा १० एचपीचा पंप काढून तिथे १५ एचपीचा बसवायचा. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पंप सकाळ-संध्याकाळ मिळून पाच तास चालतो, तरी गच्चीवरची टाकी काठोकाठ भरत नाही आणि आठवड्यातून एकदा तरी टँकर मागवावा लागतो. पंप पुरवठादाराचं म्हणणं एका ओळीचं आहे: पंप म्हातारा झाला.

मला ते पटलं नाही. महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी पाइपिंगचे हिशेब करणं हे माझं रोजचं काम. तिथे पाणी कमी आलं तर आधी लाइन बघतात, मग पंप. कमिटीकडे थोडी मुदत मागितली. सेक्रेटरी काका म्हणाले, "ताई, डिसेंबरच्या सभेपर्यंत थांबतो, पण आकडे हवेत, अंदाज नकोत." रास्त मागणी आहे.

हाताशी असलेली माहिती लिहून ठेवते. इमारत १९९७ सालची, तळमजला अधिक १४ मजले, ८४ घरं. घरटी ५ माणसं आणि माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ५६,७०० लिटर, म्हणजे साधारण ५७ घनमीटर पाणी वर चढवायचं आहे. जमिनीखालची टाकी आवाराच्या मागच्या कोपऱ्यात, पंपघर तिच्या शेजारी. पंपातून निघालेली अडीच इंची जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) लाइन ३८ मीटर जमिनीखालून इमारतीपर्यंत येते, डक्टमधून ४६ मीटर उभी चढते आणि गच्चीवर २१ मीटर फिरून टाकीत पडते. एकूण १०५ मीटर. खालच्या टाकीतल्या पाण्यापासून वरच्या तोंडापर्यंतची उंची ५१ मीटर. ही उंची कुणीच कमी करू शकत नाही. या ५१ मीटरच्या वर पंपाला जे काही द्यावं लागतं ते सगळं घर्षणाचं. सगळा वाद त्याचाच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी ३ वाजता मोजणी. सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशीच कळवलं होतं. खाली जाणारे सगळे डाउनटेक व्हॉल्व्ह पंपवाल्या दादांनी बंद केले. टाकीचं क्षेत्रफळ ६ मीटर गुणिले अडीच मीटर, म्हणजे १५ चौरस मीटर. पट्टी धरून पातळी घेतली, पंप चालू केला आणि १५ मिनिटांनी पुन्हा घेतली. पाणी २० सेंटीमीटर चढलं. म्हणजे ३ घनमीटर, तासाला १२.

फ्लो मीटर नसला तरी अडत नाही. टाकी हेच सगळ्यात भरवशाचं मोजमाप आहे, फक्त खालचा एकही नळ उघडा नको.

पंपाच्या मुखावर नवं गेज, म्हणजे दाब दाखवणारं घड्याळ, लावलं होतं. जुन्याचा काटा पंप बंद असतानाही दोन किलोवरच उभा होता. नव्यावर चालू स्थितीत ६.९ किलो. आपल्याकडे सगळे 'किलो' म्हणतात तो दर चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब, म्हणजे जवळजवळ १० मीटर उंचीचं पाणी. दाब असा पाण्याच्या उंचीत मोजला की त्याला हेड म्हणतात. म्हणजे गेजच्या जागी ६९ मीटर हेड आहे.

नंतर पंपाच्या पुढचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह काही क्षणांसाठी पूर्ण बंद केला. काटा ७.६ वर गेला. गेज खालच्या पाण्यापेक्षा २ मीटर वर आहे, ते मिळवलं की ७८ मीटर. पंपाच्या मूळ कागदावरच्या वक्रावर (किती प्रवाहाला किती हेड, हा आलेख) शून्य प्रवाहाला बरोबर ७८ च आहे. इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक, झिजला असता किंवा त्याभोवतीची कडी, म्हणजे वेअर रिंग, गेली असती तर हा आकडा खाली आला असता. पंप ठणठणीत आहे. ही चाचणी मिनिटभरापेक्षा जास्त कधीही लांबवू नये. कोंडलेलं पाणी केसिंगमध्येच तापतं आणि सील जातं.

मोटरचा करंट क्लँप मीटरवर ९.२ अँपिअर. दादा म्हणाले, "करंट कमी घेतोय, म्हणजे मोटर मजेत आहे." मोटर मजेत आहे हे खरं. पण अशा चाकाच्या, म्हणजे सेंट्रिफ्युगल पंपात पाणी कमी ढकललं तर करंटही कमीच येतो. हा आकडा कमी दिसणं हीसुद्धा लाइन अडल्याचीच खूण आहे.

१० नोव्हेंबर

रात्री हिशेब मांडला. गेजपासून टाकीच्या तोंडापर्यंत उंची ४९ मीटर. गेजवर ६९. म्हणजे १०५ मीटर लाइनमध्ये २० मीटर हेड घर्षणात जातंय. आता प्रश्न असा की हीच लाइन नवी असती तर किती गेलं असतं?

पाइपमधलं घर्षण काढायचं डार्सी-वाइसबाखचं समीकरण वापरलं:

घर्षणात गेलेलं हेड = घर्षणांक × (लांबी ÷ व्यास) × (वेगाचा वर्ग ÷ गुरुत्वत्वरणाची दुप्पट)

अडीच इंची मध्यम वर्गाच्या जीआय पाइपचा आतला व्यास ६८.८ मिलिमीटर. तासाला १२ घनमीटर म्हणजे सेकंदाला ३.३३ लिटर, वेग ०.९ मीटर. पाणी ३० अंशांचं धरलं. इथल्या टाक्यांतलं पाणी पुस्तकातल्या २० अंशांचं नसतं, आणि कोमट पाणी किंचित पातळ वाहतं. रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळाळता हे सांगणारा आकडा) ७७,००० येतो. ४,००० च्या वर प्रवाह खळाळता असतो, त्यामुळे भिंतीच्या खडबडीतपणाचा परिणाम धरावाच लागतो. नव्या जीआयचा खडबडीतपणा ०.१५ मिलिमीटर.

घर्षणांकासाठी कोलब्रुकचं १९३९ चं समीकरण आहे, पण त्यात घर्षणांक दोन्ही बाजूंना येतो आणि उत्तरासाठी पुन्हापुन्हा घोटावं लागतं. मूडीने १९४४ मध्ये त्याचा आलेख काढून दिला. मी मात्र स्वामी आणि जैन या भारतीय अभियंत्यांचं १९७६ चं सूत्र वापरते. एका ओळीत उत्तर, आणि फरक टक्क्याच्या आसपास. वहीत हाताने करता येतं म्हणून ते मला फार आवडतं. उत्तर आलं ०.०२६.

यावरून १०५ मीटर सरळ पाइपमध्ये १.६४ मीटर. आता जोड. चुडीचे ९० अंशांचे ११ एल्बो, प्रत्येकाचा हानीचा गुणांक ०.९. दोन गेट व्हॉल्व्ह मिळून ०.४. एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, २.५. टाकीत सुटताना उरलेली सगळी गती वाया जाते, त्याचा १. बेरीज १३.८. याला वेगाच्या हेडने (वरच्या सूत्रातला शेवटचा कंस), म्हणजे ०.०४१ मीटरने गुणलं की ०.५७ मीटर.

एकूण २.२ मीटर.

असायला हवेत २.२, आहेत २०. नऊपट. पंपावर आळ घेण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत, एवढीच माझी विनंती आहे.

११ नोव्हेंबर

मग १५ एचपीचा पंप खरंच लावला तर काय होईल, हेही प्रामाणिकपणे काढून बघितलं. पुरवठादाराने तासाला २० घनमीटरचं आश्वासन दिलंय.

खळाळत्या प्रवाहात घर्षणहानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२ वरून २० म्हणजे १.६७ पट, वर्ग केला की २.७८. आताचे २० मीटर ५५ च्या पुढे जातात. त्यात ५१ मीटर उंची आणि सक्शनचं, म्हणजे पंपाच्या ओढीच्या बाजूचं, दीड मीटर मिळवा, १०८ मीटर. पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर शाफ्टवर १०.७ किलोवॅट लागतील. १५ एचपीची मोटर ११ किलोवॅटची असते. म्हणजे पंप आश्वासन पाळेल, पण मोटर जवळजवळ पूर्ण भारावर राबवून.

माझी चिंता विजेपेक्षा मोठी आहे. पंपाच्या मुखावर तेव्हा साडेदहा किलोच्या आसपास दाब असेल. २८ वर्षांचा जीआय पाइप, चुडीच्या जागी भिंत मुळातच कापलेली, आत-बाहेर गंज. ही लाइन पार्किंगच्या खालून जाते, आणि वर मुलं खेळतात. तिला आजच्या दीडपट दाबात रोज कोंडायचं, आणि तेही गंजाशी झगडण्यासाठी? मी सही करणार नाही.

दिवसाला ५७ घनमीटर चढवायला आज साधारण २५ युनिट लागतात. तो पंप लावला तर ३४.

१६ नोव्हेंबर, रविवार

लाइनचे तीन भाग पाडले. इमारतीपाशी, लाइन जमिनीतून वर येते तिथे, गेज लावायला एक अर्धा इंची टॅपिंग काढलं. दुसरं गच्चीवर, उभी लाइन संपते तिथे. काम प्लंबरदादांनी नेटकं केलं. पहिलं टॅपिंग पंपाच्या गेजच्याच पातळीवर यावं म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल जुळवली, नाहीतर उंचीचा फरक घर्षणाच्या खात्यात जमा झाला असता.

वाचनं: पंपाशी ६.९. इमारतीच्या पायथ्याशी ५.७. गच्चीवर ०.६, तिथे लहान मापाचं गेज वापरलं, कारण १० किलोच्या गेजवर ०.६ वाचणं म्हणजे काट्याच्या जाडीशी भांडणं.

जमिनीखालच्या ३८ मीटरमध्ये १२ मीटर हेड गेलं. उभ्या भागात ५७ मधून उंचीचे ४६ वजा केले की ११ उरायला हवेत, उरले ६, म्हणजे ५ गेले. गच्चीवर शेवटची ३ मीटर उंची सोडली तर ३ गेले. १२ अधिक ५ अधिक ३, बरोबर २०. बेरीज जुळली तेव्हा बरं वाटलं, कारण टाकी, गेज आणि वक्र एकमेकांना दुजोरा देत होते.

लांबीने एक तृतीयांश असलेला भाग निम्म्याहून जास्त हेड खातोय. आता खणायचं कुठे हे ठरलं.

१८ नोव्हेंबर

पण कुदळ मारण्याआधी एनआरव्ही. तो पंपाच्या गेजच्या पुढे आहे, म्हणजे त्या १२ मीटरमध्ये त्याचाही वाटा असणार. झाकण उघडलं. आतली झडप बिजागरीत गंजून अर्ध्यावर अडकली होती. हाताने ढकलली तरी वर जाईना. नवी पिन, नवी झडप, आत साफसफाई. दोन तासांचं काम.

पुन्हा मोजलं. तासाला १३ घनमीटर. पंपाशी ६.७५, पायथ्याशी ५.८. फरक साडेनऊ मीटर. प्रवाह वाढलाय, म्हणून तुलनेसाठी तो १२ घनमीटरवर आणायला हवा: १२ भागिले १३ चा वर्ग, उत्तर ८.१. म्हणजे एकटी झडप सुमारे ४ मीटर खात होती. नव्या एनआरव्हीने या प्रवाहाला १० सेंटीमीटर घेतले असते.

पिनेएवढ्या खर्चात तासाला एक हजार लिटर जादा. कोटेशन मागवण्याआधी एनआरव्हीचं झाकण उघडून बघावं, हे आमच्या भागातल्या प्रत्येक सोसायटीला सांगावंसं वाटतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आवारात खणून पाइपचा एक फुटाचा तुकडा कापून काढला आणि तिथे कपलिंग लावून लाइन दुपारपर्यंत परत चालू केली. तुकडा बघायला अर्धी सोसायटी जमली होती.

आत गंजाचे गाठाळ उंचवटे, एकावर एक, तळाला जास्त. आडव्या लाइनमध्ये गाळ बसतो आणि त्याखाली गंज धरतो. जस्ताचा थर कधीच गेलाय. सगळ्यांनी 'अरे बापरे' म्हटलं, पण 'अरे बापरे' हे माप नव्हे. गोल राहिलेलाच नाही असा व्यास मोजायचा कसा? तुकडा बरोबर ३० सेंटीमीटरचा कापून घेतला, एक तोंड बंद केलं, उभा धरला आणि स्वयंपाकघरातल्या मापाने पाणी भरलं. ६४० मिलिलिटर मावलं. नव्या पाइपात १,११५ मावलं असतं. ६४० वरून सरासरी व्यास निघतो ५२ मिलिमीटर.

घरी येऊन गणित उलटं चालवलं. जमिनीखालच्या भागाच्या, एनआरव्ही दुरुस्तीनंतर उरलेल्या त्या ८ मीटरपैकी एल्बो, व्हॉल्व्ह वगैरेंचे सुमारे ०.७ वजा केले, उरले ७.३ सरळ पाइपचे. व्यास ५२ धरला की घर्षणांक येतो ०.०८. त्यावरून खडबडीतपणा निघतो ३.३ मिलिमीटर. तुकड्यातल्या गाठी पट्टीने मोजल्या होत्या, बहुतेक ३ ते ४ मिलिमीटर. मूडीच्या आलेखाची वरची रेघ सापेक्ष खडबडीतपणाच्या (खडबडीतपणा भागिले व्यास) ०.०५ ला संपते, आमचा पाइप ०.०६३ वर आहे. आलेखाच्या बाहेर गेलेला पाइप आम्ही वापरत होतो.

इथे थोडं थांबून लिहायला हवं, कारण या सगळ्या कामाचा गाभा हाच आहे. प्रवाह तेवढाच ठेवला तर घर्षणहानी व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. सूत्रात व्यास एकदाच दिसतो, पण वेगाचा वर्गही व्यासावरच अवलंबून आहे: क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटतं, वेग तेवढा वाढतो, त्याचा वर्ग म्हणजे चौथा घात, आणि मूळचा एक. ६८.८ चा ५२ झाला, म्हणजे व्यास फक्त एक चतुर्थांशाने कमी झाला. पण ६८.८ भागिले ५२ चा पाचवा घात ४.०५. हानी चौपट एवढ्यानेच. वर घर्षणांक ०.०२६ चा ०.०८, म्हणजे तिप्पट. दोन्ही मिळून साडेबारा पट. नव्या पाइपात ३८ मीटरला ०.५९ मीटर हानी होती, साडेबाराने गुणली की ७.४. गेजने सांगितले ७.३.

ज्याच्या नावाचं समीकरण मी वापरलं त्या डार्सीने १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नव्या नळांबरोबर जुने नळही तपासले होते, आणि नळाच्या आतल्या पृष्ठभागाची स्थिती हिशेबात धरलीच पाहिजे हे दाखवलं होतं. त्याआधी असा समज होता की पृष्ठभागाने विशेष फरक पडत नाही. कुणी 'पाइप तोच आहे ना' म्हटलं की मला डार्सी आठवतो.

२५ नोव्हेंबर

कमिटीची बैठक. तुकडा टेबलावर ठेवला, शेजारी नव्या अडीच इंचीचा तुकडा. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी चांगला प्रश्न विचारला: "पंप ताकदवान असेल तर तो ढकलणारच ना?" ढकलेल, काका. पण दीडपट पाणी हवं असेल तर सव्वादोनपट हानी भरावी लागेल, आणि पाइप दरवर्षी आणखी आकसत जाईल. पंपाच्या पैशांत तुम्ही गंज पोसताय.

दुसऱ्या एका सभासदाने घर्षणाच्या हेझन-विल्यम्स सूत्राबद्दल विचारलं. ते महापालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या कामात होते आणि तिथे हेच सूत्र चालतं. ते पाण्यासाठी सोपं आणि पुरेसं आहे, फक्त त्यातला सी हा पाइपच्या गुळगुळीतपणाचा आकडा पुस्तकातून उचलला की जुन्या लाइनमध्ये फसगत होते. मूळ व्यास धरून आमच्या जमिनीखालच्या लाइनचा सी काढला तर ३३ येतो. डिझाइन करताना साधारण १०० धरतात. ते गृहस्थ तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "३३ कधी पाहिला नव्हता." त्यानंतर विरोध उरला नाही.

ठरलं ते असं: आधी जमिनीखालचा भाग, मग उभा आणि गच्चीचा. नवी लाइन जुनीच्या शेजारून टाकायची आणि एका दिवसात जोड बदलायचा, म्हणजे पाणी बंद राहणार नाही. जमिनीखाली ९० मिलिमीटरचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप, १६ किलो दाबाचा, आतला व्यास ७३.६. बाहेरून ९० दिसतो म्हणून दुकानदार त्याला साडेतीन इंची म्हणतात, पण भिंत ८.२ मिलिमीटरची आहे. हिशेब नेहमी आतल्या व्यासाचा. उभ्या भागाला तीन इंची जीआय, आतला व्यास ८०.८. अडीच इंचीच का नको, असा खर्चाचा प्रश्न आला. ८०.८ भागिले ६८.८ चा पाचवा घात २.२३. पाइपाचा खर्च थोडा वाढतो, घर्षण निम्म्याहून खाली येतं, आणि उद्या थोडा गंज धरला तरी हात राखून राहतो.

७ डिसेंबर, रविवार

जमिनीखालची लाइन बदलली. चर तीन फूट खोल, तळाला वाळू, बट वेल्डिंगचे जोड. तीन ९० अंशांचे एल्बो वाचवले, कारण एचडीपीई हलक्या वळणाने वाकतो.

अंदाज: तासाला १५.८. मोजणी: १५ मिनिटांत २६ सेंटीमीटर, म्हणजे १५.६.

१२ डिसेंबर

चौदाव्या मजल्यावरच्या आजींची तक्रार वेगळी आहे आणि ती पंपाने सुटणार नाही. त्यांच्या शॉवरच्या वर टाकीचा तळ जेमतेम साडेचार मीटर आहे, म्हणजे अर्धा किलोसुद्धा दाब नाही. तेवढ्यातच घरातला अर्धा इंची पाइप आपला वाटा मागतो. त्याचं १६ मिलिमीटरचं भोक गंजून १२ झालं असेल तर हानी चौपट. आजींच्या मुलाला सांगितलं: बाथरूमपर्यंतचा पाइप पाऊण इंची सीपीव्हीसी करा, आणि कमी दाबावर चालणारा शॉवर घ्या. तळमजल्यावरच्यांना हा प्रश्न कधी कळणारच नाही, त्यांच्याकडे चार किलोच्या वर दाब आहे.

४ जानेवारी २०२६, रविवार

उभी लाइन आणि गच्चीचा भाग पूर्ण. सकाळी ९ ला जोड तोडला, दुपारी ४ ला पाणी सुरू. डक्टमध्ये आधाराचे क्लँप प्रत्येक मजल्यावर नवे लावले. पाण्याने भरलेल्या तीन इंची पाइपाचं वजन खालच्या एल्बोवर टाकून चालत नाही.

गणिताने २१.९ सांगितलं होतं. टाकी १५ मिनिटांत ३६ सेंटीमीटर चढली: तासाला २१.६ घनमीटर. तोच १० एचपीचा पंप, तीच मोटर. करंट ११ अँपिअर, मोटरच्या पूर्ण भाराच्या आत. दिवसाचं पाणी आता दोन तास चाळीस मिनिटांत चढतं आणि युनिट १७ च्या आसपास लागतात.

५ जानेवारी

सकाळी सहाला पंपवाल्या दादांचा फोन, आवाज घाबरलेला. "मॅडम, प्रेशर गेलं! काटा ५.३ वर आलाय, आधी ६.९ असायचा."

खाली गेले आणि त्यांच्याबरोबर पंपघरात बसून समजावलं. गेज पंपाची ताकद दाखवत नाही, पुढे किती अडथळा आहे ते दाखवतं. लाइन अडली की पाणी कमी वाहतं आणि काटा वर जातो. व्हॉल्व्ह बंद केला होता तेव्हा काटा सगळ्यात वर, ७.६ वर होता आणि पाणी शून्य होतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्या आठवणीने त्यांना लगेच उमगलं. म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं काटा वर बघून मी खूश होत होतो, ती लाइन तुंबल्याची खूण होती?" होय. आणि हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. रोज पंप चालवणाऱ्या माणसाला गेज वाचायला शिकवणं हे आपलं काम आहे, त्याचं नव्हे.

११ जानेवारी, रविवार

पंप बंद होताना होणारा धक्का तपासला. उभ्या लाइनमध्ये वेग आता सेकंदाला १.२ मीटर आहे. जुकोव्स्कीच्या १८९८ च्या नियमाने, स्टीलच्या लाइनमध्ये असा प्रवाह क्षणात थांबला तर दीडशे मीटरच्या वर दाब उसळू शकतो. प्रत्यक्षात पंपाचं चाक थोडं फिरत राहतं आणि एचडीपीईचा लवचीक भाग लाट मऊ करतो, म्हणून इतका येत नाही. पण झडपेचा एनआरव्ही पाणी उलटं फिरल्यावर आपटतो, त्यामुळे नवी लाइन जोडतानाच स्प्रिंगचा एनआरव्ही बसवला होता. तो पाणी उलटायच्या आत मिटतो. त्याने थोडं हेड जास्त घेतलं, अंदाज आणि मोजणी यांतल्या ०.३ घनमीटरच्या फरकातला बराचसा त्याचाच. पंप बंद करताना गेजचा काटा ७ च्या पुढे गेला नाही, आणि डक्टमधला तो जुना 'धाड' आवाज गेला.

गेजच्या काचेवर दोन रेघा मारल्या. हिरवी ५.३ वर, लाल ५.८ वर. काटा लाल रेघेपाशी आला म्हणजे प्रवाह तासाला १९ च्या आसपास उतरला: आधी एनआरव्ही उघडायचा, मग टॅपिंगवर गेज लावून कोणत्या भागात हेड जातंय ते बघायचं. काटा हिरवीच्या बराच खाली गेला तर मात्र पंपाकडे किंवा फुटलेल्या लाइनकडे बघायचं. दोन्ही टॅपिंग बंद करून ठेवली आहेत, काढलेली नाहीत. सेक्रेटरी काकांनी नोंदवही घातली आहे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी ३ ला तीन आकडे: टाकी १५ मिनिटांत किती सेंटीमीटर चढली, गेज, अँपिअर. पहिली ओळ दादांनी स्वतः लिहिली: ३६, ५.३, ११.